डाव्या बाहीचे लाल टाके

परतीच्या विमानाला आठ दिवस उरले होते आणि बॅगांचं वजन दोन किलोंनी जास्त भरत होतं, त्यावरून नणंद-भावजयीत शुक्रवारी सकाळपासूनच जुंपली होती. वन्संचं म्हणणं, हे वजन आक्कांच्या लोखंडी कात्रीचं आणि शिवणाच्या डब्याचं. आक्कांचं म्हणणं, ते वन्संच्या पुस्तकांचं. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन सात वर्षं उलटली, तरी परदेशात भाच्याकडे चार महिने राहायला येताना वन्संनी शब्दकोड्यांची नऊ जाडजूड पुस्तकं आणली होती आणि सोडवून झालेली एकही टाकायला त्या तयार नव्हत्या.

"सोडवलेलं कोडं परत कशाला न्यायचं?" आक्कांनी विचारलं.

"आणि चार महिन्यांत गंजलेली कात्री कशाला न्यायची?"

"गंजलेली? वन्संऽ, तुमच्या वडिलांची कात्री आहे ती!"

भांडण अशा रंगात आलेलं असताना दुपारी दार वाजलं. दारात खालच्या आजी उभ्या होत्या. घराचा खालचा मजला त्यांचा आणि वरचा आक्कांच्या धाकट्या मुलाला भाड्याने दिलेला. वय एक्क्याऐंशी. उमेदीची अठ्ठावीस वर्षं त्यांनी शहरात बस चालवली होती, आणि अजूनही जिन्याचं वळण आलं की त्या आधी दोन्ही बाजूंना बघून घेतात, असं धाकटा म्हणायचा. गेल्या चार महिन्यांत आक्कांनी त्यांचे पडदे सरळ केले होते, पावसाळी कोटाचं अस्तर बदललं होतं, सोफ्याच्या उशांना नव्या चेनी बसवल्या होत्या. दोघींना एकमेकींच्या भाषेतले मिळून सात शब्द येत होते. त्यातले तीन म्हणजे चहा, छान आणि थांबा.

आजींच्या हातात पांढऱ्या चादरीचं गाठोडं होतं. त्यांनी ते पलंगावर ठेवून उलगडलं आणि आक्कांच्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं.

डगला होता. त्या लोकांचा जुना, पायघोळ, सणासुदीला अंगावर चढवायचा. हाताने विणलेली घट्ट लोकर, रंग असा गडद निळा की घडीत काळा वाटावा. छातीवर आणि मनगटांवर पांढऱ्या धाग्याचं भरतकाम, आणि ते इतकं बारीक की आक्कांनी आधी चष्मा वर केला, मग खाली घेतला, मग पुन्हा वर केला. उलटी बाजू बघितली. उलटीकडूनही एक गाठ दिसत नव्हती. चाळीस वर्षं शिवणाच्या दुकानात काढलेल्या बाईला याहून मोठी मेजवानी काय असणार!

आजींनी तो स्वतःच्या हातांनी आक्कांच्या खांद्यांवर घातला. तुम्हाला, अशी खूण केली. मग डाव्या बाहीचं टोक उलटून दाखवलं. तिथे जाड लाल दोऱ्याचे दहाबारा टाके होते. कसले टाके! एक बोटभर लांब, दुसरा तिळाएवढा, तिसरा भलतीकडेच निघालेला. त्या ओढाताणीत ती बाही उजवीपेक्षा चांगली बोटभर आखूड झालेली. आजींनी त्या टाक्यांवर दोनदा थोपटलं, आक्कांच्या डोळ्यांत बघून बराच वेळ काहीतरी सांगितलं, आणि शेवटी त्यांचे डोळे भरून आले.

"हो, हो," आक्का ठासून म्हणाल्या. "समजलं मला. छान."

आजी समाधानाने जिना उतरून गेल्या. वन्संनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"बाही आखूड आहे म्हणाल्या. एवढं भारी वस्त्र द्यायचं आणि त्यात हे असलं ध्यान! लाज वाटली बिचारीला, डोळ्यांतून पाणी आलं."

"तुम्हाला कधीपासून यायला लागली त्यांची भाषा?"

"कपडा पुढे करून बाहीवर बोट ठेवलं की त्याचा अर्थ जगात एकच असतो, वन्सं. चाळीस वर्षं गल्ल्यामागे उगाच नाही बसले."

एवढं बोलून आक्कांनी डबा उघडला. हात तर मघापासूनच शिवशिवत होते. चहाच्या वेळेआधी लाल टाके निघाले, बाही सोडली, वाफेची इस्त्री फिरली आणि निळ्या दोऱ्याची अशी तुरपाई झाली की कापड कुठे दुमडलंय ते शोधून सापडू नये. दोन्ही बाह्या सारख्या. वन्संनी भांडण विसरून जमिनीवर पडलेल्या दोऱ्यांवर व्हॅक्यूम फिरवला. आक्कांनी डगला हँगरला लावला, दोन पावलं मागे जाऊन बघितला, आणि आज मास्तर असते तर, असं त्यांच्या मनात आलं. मास्तर म्हणजे त्यांचे गेलेले यजमान. सुनेला शाबासकी देणं घराण्यातच नव्हतं, पण मास्तरांनी अशा शिलाईवरून एकदा अंगठा फिरवला असता. तेवढं आक्कांना पुरलं असतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. धाकटी सून चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती. खालच्या आजींचा नवा चष्मा तयार होऊन आला होता, तो द्यायला ती सकाळी खाली गेली आणि अर्ध्या तासाने उड्या मारतच वर आली.

"आई! आजी किती खूश आहेत तुमच्यावर! बाहीची सगळी गोष्ट तुम्हाला समजली म्हणत होत्या. भाषा येत नाही, पण मन कळतं म्हणाल्या."

"कुठली गोष्ट?" आक्कांचा पोळीचा घास हातातच राहिला.

"अहो, ते लाल टाके! आजी सहा वर्षांच्या होत्या तेव्हा त्यांची आई त्यांना घेऊन गाव सोडून निघाली. बरोबर दोन बोचकी आणि अंगावर हा डगला. स्टेशनवर गाडीच्या दाराला बाही अडकली आणि सगळी तुरपाई निघाली. आई रडायला लागली म्हणून आजींनी बोचकं बांधायचा लाल दोरा घेतला आणि चालत्या गाडीत बाही शिवून दिली. आयुष्यातली पहिली शिलाई! पुढे आईने चाळीस वर्षं तो डगला घातला, पण ते टाके कुणाला बदलू दिले नाहीत. आजींनीही दिले नाहीत. उद्या त्यांनी सगळ्यांना जेवायला बोलावलंय, तिथे तुम्ही तो घालून यायचंय. नव्या चष्म्यातून पहिल्यांदा तीच बाही बघणार आहेत त्या. आता बारीकातलं बारीक दिसतं म्हणाल्या."

आक्कांनी घास परत ताटात ठेवला. वन्सं एकदम उठल्या आणि काही कारण नसताना पाण्याचा ग्लास विसळायला लागल्या.

धाकटीने एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं. मग आतल्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात डगला होता आणि चेहऱ्यावर रंग नव्हता.

"आई, टाके कुठे आहेत?"

"व्हॅक्यूममध्ये," उत्तर वन्संनी दिलं.

पुढचा तासभर चौघांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून व्हॅक्यूमची पिशवी उपसण्यात घालवला. चौथा म्हणजे धाकटा. लिफ्ट दुरुस्त करण्याचं काम करणारा आणि सुट्टीच्या दिवशी दहापर्यंत झोपणारा हा प्राणी आवाजाने उठून आला, प्रकार ऐकून आधी पोट धरून हसला आणि मग बायकोचा चेहरा बघून गुडघ्यांवर बसला. धूळ, केस, एक हरवलेलं कानातलं आणि लाल दोऱ्याचे अकरा तुकडे निघाले. सगळ्यात मोठा तुकडा नखाएवढा. आक्कांनी ते एका बशीत ठेवले.

"यात एवढं काय आहे?" धाकटा म्हणाला. "लाल दोरा आहे तुझ्या डब्यात. बाही पुन्हा दुमड, वाकडेतिकडे दहा-अकरा टाके मार. झालं! कुणाला कळतंय?"

"माझंही तेच मत," वन्सं म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं?"

एरवी या आत्या-भाच्याचं चहात साखर किती यावरसुद्धा एकमत होत नसे. धाकटी वर्तमानपत्राची घडी घालत राहिली.

आक्कांनी लाल दोरा ओवला. बाही आखूड केली, पहिला टाका घेतला. सरळ आला. दुसरा मुद्दाम तिरका घ्यायला गेल्या, तर तोही पहिल्याच्या मापाचा आला. डोळे मिटून घेतला तरी तीच गत. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हा सासऱ्यांनी त्यांच्या पुढ्यात पट्टी ठेवली होती, ती पट्टी आता बोटांतच मुरली होती. अर्ध्या तासाने बाहीवर लाल टाक्यांची अशी देखणी ओळ उभी राहिली की धाकट्याने कपाळाला हात लावला.

"आई, हे सहा वर्षांच्या पोरीने शिवलेलं? या पोरीला दुकानात नोकरी मिळेल!"

"आणा इकडे," वन्सं बाह्या सरसावत म्हणाल्या.

सगळ्यांना एकदमच आठवलं. वन्संनी तेराव्या वर्षी शिवलेला पायजमा घराण्यात अजून नावाजलेला होता. त्याचा एक पाय पुढे चालायचा आणि दुसरा मागे राहायचा. वडिलांनी तो दुकानाच्या दारात सगळ्या कारागिरांसमोर उलटा धरला आणि म्हणाले, हिला शाळेत घाला. वन्सं शिकल्या, मुख्याध्यापिका झाल्या, पण त्या दिवसापासून त्यांनी सुई म्हणून हातात धरली नव्हती. आज धरली. जीभ दातांत धरून त्यांनी अकरा टाके घातले आणि ते खरोखरच भयंकर आले.

"फर्स्ट क्लास!" धाकटा ओरडला. "आत्या, तू वाचवलंस."

वन्सं लाजल्या. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी शिवणकामासाठी पहिल्यांदाच त्यांचं कौतुक झालं होतं. आक्कांना त्यांचा आनंद मोडवेना, पण नजर बाहीवरून हटेना. वाकडे टाके सगळे सारखे नसतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? वन्संचे टाके सैल होते. त्या पोरीने एकेक टाका सगळं बळ लावून आवळला होता, इतका की लोकरीला चुण्या पडल्या होत्या. आईची बाही पुन्हा निघू नये म्हणून आवळला होता. तेच टाके काल दुपारी आपण कात्रीच्या टोकाने कटाकट तोडले, हे मनात आलं आणि आक्कांना तो डगला हातात धरवेना.

धाकटी स्वयंपाकघरात भांडी लावत होती. आक्का तिच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या.

"तू काहीच बोलली नाहीस."

"काय बोलू?"

"मनात आहे ते बोल."

धाकटीने हातातली वाटी जागेवर ठेवली. "राग नाही ना येणार? आई, आमची कन्या झाली तेव्हा मी तुमच्याकडे होते. आठव्या महिन्यात मी एक झबलं शिवलं होतं. पिवळं."

"आठवतंय की! अजून माझ्या कपाटात आहे ते. येईल त्या पाहुणीला दाखवते मी."

"तुम्ही दाखवता ते तुमचं आहे. मी शिवलेला गळा एका बाजूला गेला होता, काखेत चुण्या पडल्या होत्या. आठ दिवस लागले होते मला. एका दुपारी मी झोपले आणि उठून बघते तर तुम्ही ते सगळं उसवून, पुन्हा शिवून, इस्त्री करून माझ्या उशाशी ठेवलेलं. सगळ्यांनी वाखाणलं. मीही वाखाणलं. पण नंतर ते मी पोरीला एकदाही घातलं नाही. तुमच्या लक्षात आलं नाही कधी."

नव्हतंच आलं. आक्कांना वाटायचं, सून ते जपून ठेवते. हाच प्रसंग त्यांनी निदान पन्नास जणींना सांगितला असेल, सुनेवर आपली किती माया आहे याचा दाखला म्हणून. आता त्या पन्नास जणींसमोर एकदम उभं राहिल्यासारखं त्यांना झालं. लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

"एकोणीस वर्षं बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही इतक्या आनंदात होता. आणि दिसत तर ते छानच होतं." धाकटी हसली, पण डोळे पुसून हसली. "तुमच्या घरात माया लागली की माणसं उसवायला घेतात, आई. मास्तर तसेच, तुम्ही तशाच, थोरले भाऊजीही तसेच. मला आता सवय झाली. आजींना नाही."

आक्का बाहेरच्या खोलीत आल्या. वन्संच्या टाक्यांवर त्यांनी एकदा अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "वन्सं, काम झकास झालंय. पण हे मी काढते. उद्या जेवणाच्या आधी खाली जाऊन सगळं सांगणार आहे."

"आई, आम्हाला याच घरात राहायचंय अजून!" धाकटा म्हणाला.

"तू गप्प बस," बायको आणि आत्या एकाच वेळी म्हणाल्या, आणि त्या दिवसातली दुसरी युती तिथे स्थापन झाली.

रविवारी अकरा वाजता तिघी जिना उतरल्या. पुढे आक्का, हातांवर डगला आणि सवयीने काखेत शिवणाचा डबा. मागे दुभाषी म्हणून धाकटी. तिच्यामागे बशी घेऊन वन्सं. तुम्ही कशाला येताय, असं आक्कांनी विचारलं, तेव्हा वन्संनी ठणकावलं होतं, "उसवलं तुम्ही, पण व्हॅक्यूम मी फिरवलाय."

आजी टेबलावर बारा ताटं मांडत होत्या. नाकावर नवा चष्मा होता. डगला बघून त्यांचा चेहरा फुलला, आणि आक्कांना वाटलं, आत्ताच्या आत्ता परत फिरावं. पण त्यांनी बाही उलटून पुढे धरली. निळ्या लोकरीवर आता एकही टाका नव्हता, नुसती सुईची बारीक भोकं. वन्संनी बशी शेजारी ठेवली.

"बाई, हे मी उसवलं," आक्का आपल्या भाषेत म्हणाल्या. "तुम्ही सांगत होता ते मला कळलं नाही, आणि कळलं म्हणून मी मान डोलावली. मला वाटलं, तुम्ही दुरुस्त करायला सांगताय. चुकले मी. डगला परत घ्या. तो घालायची माझी लायकी नाही."

धाकटीने ते सांगितलं.

आजी बाहीवर वाकल्या. खुर्ची ओढून बसल्या. बशीतला एक तुकडा बोटाच्या टोकावर घेतला आणि चष्म्याजवळ नेला. मग त्यांनी आक्कांकडे न बघता काहीतरी विचारलं.

धाकटी घुटमळली. "विचारतायत, ते टाके तुम्हाला फार वाईट वाटले का?"

"हो," आक्का म्हणाल्या. "चाळीस वर्षांत इतके वाईट टाके मी बघितले नाहीत."

"आई!"

"सांग. तसंच सांग. आता खोटं नको."

धाकटीने डोळे मिटून सांगितलं. आजींनी मान वर केली. त्यांच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला, आणि त्या हसतायत की रडतायत ते कुणाला कळेना. मग कळलं की दोन्ही चाललंय.

"म्हणतायत," धाकटीलाही आता हसू आवरेना, "गाडीत त्यांची आईसुद्धा अगदी हेच म्हणाली होती. इतके वाईट टाके मी जन्मात बघितले नाहीत म्हणाली, आणि तीच बाही तोंडाशी घेऊन झोपली."

आक्कांनी पदराने नाक पुसलं. मग काहीतरी सुचून त्यांनी डब्यातून लाल रीळ काढलं, मास्तरांच्या वेळचं, दुकानातून बरोबर आणलेलं. सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि सुई आजींच्या पुढे धरली. याला शब्दांची गरज नव्हती.

आजींनी सुईकडे बघितलं. आपल्या हातांकडे बघितलं. अठ्ठावीस वर्षं बस वळवलेले ते हात. त्यांनी बाही मांडीवर घेतली, बोटभर दुमडली आणि पहिला टाका घातला. तिरका गेला. दुसरा त्याहून तिरका. प्रत्येक टाक्याला त्या ओठ दाबून दोरा जिवाच्या आकांताने ओढत होत्या आणि लोकरीला चुण्या पडत होत्या. भोकं समोर दिसत असूनही सुई त्यांतल्या एकातही जात नव्हती. चौथ्या टाक्याला आक्कांचे हात आपोआप पुढे झाले. वन्संनी डोळे वटारले. आक्कांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि शेवटची गाठ पडेपर्यंत तशाच बसून राहिल्या. त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब शिलाई.

"थांबा," आजी त्यांना येणारा शब्द म्हणाल्या, दोरा दातांनी तोडला आणि डगला आक्कांच्या खांद्यांवर घातला.

जेवणाला आजींची मुलगी आली, शेजारची माणसं आली, बस डेपोतले तीन म्हातारे आले. प्रत्येकाने बाही बघितली. आजी प्रत्येकाला नवी हकीकत सांगत होत्या आणि तिच्यात आक्का आता मध्यभागी होत्या. सगळे हसत होते, आणि काय बोलतायत ते कळत नसूनही आक्का सगळ्यात मोठ्याने हसत होत्या. पण आता त्या मान डोलावण्याआधी सुनेकडे बघून घेत होत्या.

एवढ्यात गावाकडून थोरल्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. तो दुकानातच होता. मागे शिलाई मशीन दिसत होतं आणि वर मास्तरांचा फोटो.

"आई, जरा मागे सरक, सगळा दिसू दे. वा! काय माल आहे! भरतकाम बघ ते... थांब, थांब. हात खाली सोड. आई, डावी बाही बोटभर आखूड आहे गं! तुझ्या कशी नाही लक्षात आली? तू आण इकडे, मी पाच मिनिटांत..."

"हात लावलास तर याद राख," आक्का म्हणाल्या.

थोरल्याने फोन आणखी जवळ घेतला. मागे वन्सं तोंडावर रुमाल धरून हसत होत्या.

"आणि ऐक. माझ्या कपाटात वरच्या फळीवर ते पिवळं झबलं आहे ना? ते काढ. सगळी शिलाई उसव. हळूच उसव, कापडाला ओरखडा येता कामा नये. घडी घालून ठेव."

"अगं, तुझ्या हातची शिलाई आहे ती! नुसती उसवू? मग पुन्हा शिवायचं कुणी?"

आक्कांनी फोन थोडा फिरवला. टेबलाच्या त्या टोकाला धाकटी हातात पाण्याचा जग घेऊन उभी होती आणि ग्लास भरून वाहतोय याचं तिला भान नव्हतं.

"जिचं आहे ती शिवेल," आक्का म्हणाल्या. "गळा कसाही गेला तरी."